डिंडोलीच्या तारेवरचा टी-शर्ट

सुरतेत डोंगर नाही. टेकडी नाही, चढ म्हणावा असा चढही नाही. तरी डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीचा सराव करायला मी नाशिकहून सुरतेला गेले. नाशिकला आमच्या गच्चीत उभं राहिलं तरी डोंगर दिसतात. माझा मुलगा म्हणाला, "आई, उद्या पोहायला शिकायला तू जैसलमेरला जाशील." मी त्याला गप्प बसवलं, पण कार्टं बोललं ते खरंच होतं.

कारण सांगते. माझं माहेर नवापूरचं. आईला कॅन्सर झाला तेव्हा मुंबईपेक्षा सुरत जवळ म्हणून तिला तिकडे नेलं, आणि तिथल्या एका ट्रस्टच्या धर्मशाळेत आम्ही मायलेकी कित्येक महिने राहिलो. स्वच्छ खोली, दोन वेळचं जेवण आणि कुणी खेकसत नसे, एवढं मिळालं तरी त्या दिवसांत माणसाला रडू यायचं. आई गेली. मग मी पळायला लागले, कारण घरात बसून मला वेड लागलं असतं. या हिवाळ्यात त्याच ट्रस्टने धर्मशाळेचा वरचा मजला बांधायचा म्हणून डांगच्या जंगलात शर्यत ठेवली. मी लगेच नाव दिलं. तर म्हणे बाहेरगावच्या धावपटूंनी सुरतेतल्या सराव-शिबिराला आलंच पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही. चडफडत बॅग भरली.

परतल्यापासून जो तो विचारतोय, सुरत कशी वाटली? खाणं उत्तम, हवा भिकार. आणि माणसांचं विचाराल तर सविस्तरच सांगावं लागेल.

डिंडोली

उतरले मावसबहिणीकडे. शोभाअक्का माझ्याहून थोडी मोठी. लग्न होऊन डिंडोलीत आली ती तिथलीच झाली. भाऊजी कडोदऱ्याला पॉवरलूमच्या कारखान्यात सुपरवायझर, आणि मुलगी कविता रिंग रोडच्या मार्केटात एका साडीवाल्याच्या ऑनलाइन ऑर्डरी बघते. डिंडोली म्हणजे सुरतेत आणून ठेवलेला खानदेश. दुकानाची पाटी गुजरातीत, दुकानदार शिरपूरचा आणि गिऱ्हाइकाशी भांडण अहिराणीत. कविता घरात अहिराणी बोलते, मार्केटात गुजराती, मोबाइलवर हिंदी. मराठी फक्त माझ्याशी, आणि तीही पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढावेत तशी जपून.

पोचले त्या दिवशी घरात नुसती लगबग. कविताला सुरतेतल्याच उधन्याचं स्थळ आलं होतं. माणसं मूळची अमळनेरची, मुलगा चांगला कमावता, पत्रिका छान जुळलेली. संक्रांतीनंतर कुंकवाचा कार्यक्रम, म्हणजे साखरपुडा, आणि वैशाखात लग्न. भाऊजी मला म्हणाले, "मालूताई, पायगुण चांगला शे तुमना." मी म्हटलं, पायच चांगले आहेत, पन्नास किलोमीटर पळायचंय त्यांना.

संध्याकाळी कपडे काढायच्या निमित्ताने अक्का मला गच्चीत घेऊन गेली. दाराला कडी लावली, माझा हात धरला आणि आपल्या पदराखाली नेला. "आठे लाव हात," म्हणाली.

गाठ होती. चांगली सुपारीएवढी.

"कधीपासून?"

"नवरातपासून."

"भाऊजींना सांगितलंस?"

"येडी शे का तू? पोरनं लगन ठरी राहिनं. आते कोनले सांगू? लगन हुई जाऊ दे, मंग दखू."

वैशाख म्हणजे अजून तीन-चार महिने. मी तिला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. ती शांतपणे कपड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, मावशीला नेलं होतं त्याच मोठ्या दवाखान्यात गल्लीतल्या दोघी बाया आयाचं काम करतात. मी तिथे पाय ठेवला की घरी येईपर्यंत साऱ्या डिंडोलीला कळेल. आणि मग पोरीला कोण करेल? म्हणतील मायले शे, पोरले बी हुई. तिने मला आईची शपथ घातली. त्या घरात कॅन्सर हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही, "तो रोग" म्हणतात. माझी आई, म्हणजे अक्काची सख्खी मावशी, कशाने गेली विचारलं तर भाऊजी सांगतात, "अशीच आजारी व्हती."

मला संताप आला होता. पण शपथ आईची होती, आणि मला दुसऱ्या दिवशी पहाटे पळायला जायचं होतं.

उड्डाणपूल

शिबिराचे गुरू हार्दिकभाई. वय तिशीचं, दाढी कोरलेली, दोन्ही मनगटांवर घड्याळं. आम्ही साठेक माणसं, निम्मी हिऱ्याच्या आणि कापडाच्या धंद्यातली, बुटांकडे बघूनच कळावं. डोंगर नाही त्याचं काय करणार, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते म्हणाले, "बेन, सुरत में पुल कितने हैं, देखा?" आणि खरोखर आम्हाला उड्डाणपुलावर नेलं. चढायचं, उतरायचं, वळायचं, पुन्हा चढायचं. शेजारून कापडाचे ताके लादलेले टेम्पो जाताहेत, त्यांचा धूर नाकात, आणि हार्दिकभाई ओरडताहेत, "सोचो, जंगल है! सोचो, पहाड है!" मी सोचलं. माझ्या गुडघ्याला काही ते पटलं नाही. "दर्द तो दिमाग में होता है, बेन," असं त्यांनी मला सांगितलं. ज्याला अजून कशाचाच दर्द झालेला नाही, तोच माणूस असं बोलू शकतो.

त्यातून उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, जवळ आलेलं. सुरतेत पतंगाचं जेवढं वेड लागतं तेवढं आमच्याकडे निवडणुकीचंही लागत नाही. पुलावर मांजा आडवा यायचा. एका सेठजींच्या कानाला कापलं, आणि त्या एवढ्याशा रक्ताचे फोटो शिबिराच्या ग्रुपवर दिवसभर फिरत होते. "वॉरियर" म्हणाले त्यांना. खाली पुलाच्या पायथ्याशी एक बाई डोक्याला फडकं बांधून, एक्स-रेचं पाकीट काखेत धरून रिक्षाची वाट बघत उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

पळणं झालं की खाणं. तिथे मात्र सुरतकरांची तयारी कच्ची नव्हती. गरम लोचो, म्हणजे मोडलेल्या ढोकळ्यासारखा वाफवलेला लगदा, वर तेल, शेव, कांदा. थंडीचा पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, पण आपण तो शेतात शेंगदाण्याच्या चटणीशी खातो आणि हे लोक लिंबू-मिऱ्याच्या शेवेशी, साखरेच्या गोळ्यांशी आणि वर पोंकचे वडे तळून खातात. मी मनसोक्त खाल्लं. टिंगल करायची म्हणून उपाशी राहायचं असं काही नाही.

मग मिळाला टी-शर्ट. भडक नारिंगी. छातीवर हातभर गुजराती अक्षरांत "कॅन्सर सामे दोड", म्हणजे कॅन्सरच्या विरुद्ध धाव. पाठीवर देणगीदारांची नावं: साडीवाले, बिल्डर, फरसाणवाले, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत गुटख्याच्याच नावाने वेलची विकणारी एक कंपनी. मी हार्दिकभाईंना ते दाखवलं. ते म्हणाले, "बेन, पॉझिटिव रहो." धन्य आहे!

घरी आले, घामाने भिजलेला टी-शर्ट धुतला आणि घरापुढच्या तारेवर वाळत घातला. नाशिकला घालते तसा. आंघोळ करून बाहेर येते तर दारात शेजारच्या सिंधूबाई. गल्लीतली बातमी ह्यांच्या दारावरून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही, हे मला आल्या दिवशीच कळलं होतं. आवाज खाली, डोळे तारेवर. "शोभाबाई, कोनले झायं व?"

अक्काचं तोंड पांढरंफटक पडलं. तिने धावत जाऊन टी-शर्ट ओढला, चिमटे गल्लीत उडाले. मीच पुढे झाले. म्हटलं, कुणाला काही नाही झालं, मी पळते, ट्रस्टसाठी, गरिबांसाठी. सिंधूबाईंचा चेहरा पडला आणि लगेच फुलला. "म्हंजे सेवा करतस का? चांगलं शे, चांगलं शे." गेल्या. भाऊजींनी मात्र मला ऐकवलं, पोरीचं ठरतंय आणि दारात तो शब्द टांगून ठेवता? पुढे तो टी-शर्ट न्हाणीघरात, उलटा करून, दोन टॉवेलांच्या मध्ये वाळायचा. वाळायचा कसला, कुबट वास यायचा.

दोन दिवसांनी मी बूट घालत होते. अक्का चहा घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "मालू, माले बी तसा एक आन."

"तू पळणार?"

"तो घाली दवाखानामा गयं, तर लोकं सेवाच म्हनतीन ना?"

 शिबिरातल्या साठ शहाण्यांना त्या टी-शर्टाचा जो उपयोग सुचला नव्हता तो हिला न्हाणीघरात सुचला होता.

केळी

योगायोगाने त्याच आठवड्यात शिबिराच्या मंडळींनी कॅन्सर हॉस्पिटलात फळवाटप ठेवलं होतं. धर्मशाळेच्या ऑफिसातली एक बाई आईच्या वेळेपासून माझ्या ओळखीची. तिच्या कानात सगळं घातलं. तिने अक्काच्या नावाचा केसपेपर आधीच काढून ठेवला. अक्का साडीवरच मी शिबिरातून मागून आणलेला तसाच नारिंगी टी-शर्ट चढवून आली. घरी सांगितलं, मालूबरोबर सेवेला जाते. सिंधूबाईंनी तिला गल्लीच्या टोकापर्यंत पोचवलं, एवढं कौतुक!

हॉस्पिटलाच्या लांबलचक बोळात बाकांवर माणसं बसलेली. आमची नारिंगी फौज आत शिरली ती फोटोग्राफरसकट. हार्दिकभाईंनी प्रत्येकाच्या हातात केळ्यांची टोपली दिली. नियम असा, की केळं द्यायचं, पण पेशंटने ते धरायचं आणि आपणही सोडायचं नाही, फोटो निघेपर्यंत. एका म्हाताऱ्या बाबांनी केळं धरून ठेवलं, हाताला दुसऱ्या हाताचा टेकू दिला, आणि समोर सेठजी कानावरची पट्टी नीट दिसावी म्हणून मान वळवत होते. मला वाटलं, ती टोपली घ्यावी आणि कुणाच्या तरी डोक्यात घालावी.

अक्काला त्यांनी एका बाईसमोर उभं केलं. बाई नंदुरबारकडची, डोक्याला रुमाल, भुवया गेलेल्या. अक्काने केळं पुढे केलं. फोटोग्राफर म्हणाला, "स्माइल, बेन." तेवढ्यात आतून वॉर्डबॉय ओरडला, "शोभाबेन पाटील! शोभाबेन पाटील कोण छे?"

अक्का हलेना. टोपली तिने पोटाशी घट्ट धरली होती. बोळातल्या आयांपैकी एक तिच्याकडे टक लावून बघत होती. हार्दिकभाई खूश होऊन म्हणाले, "शोभाबेन, मॅनेजमेंटवाले बुला रहे हैं क्या? जाओ, जाओ, हमारा भी नाम बताना!"

ती रुमालवाली बाई उठली. अक्काच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि तिच्या हातातली टोपली काढून घेतली. "जा बाई तू मझार. केळं मी वाटस," म्हणाली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. अक्का आत गेली, मी तिच्या मागे. दार लागता लागता हार्दिकभाईंचा आवाज आला, "अरे, ये तो पेशंट है, ये क्यों बाँट रही है?"

आत लेडी डॉक्टर होती. तपासलं, मशीनवर फोटो काढायला पाठवलं, सुईने नमुना घेतला, रिपोर्ट पुढच्या आठवड्यात म्हणाली. उशीर का केला म्हणून रागावली, पण बेताने. बाहेर आलो तेव्हा केळी संपली होती आणि फौज लोचो खायला गेली होती. रिक्षात अक्का एकच बोलली. "ती बाईनं नाव बी नही इचारं मी."

डांग

मधल्या दिवसांत आम्हाला खऱ्या डोंगरात नेलं. डांगचं जंगल सुंदर आहे, उगाच नाक मुरडणार नाही. साग आणि बांबू, लाल मातीच्या वाटा, सकाळी दरीत धुकं. घरोघरी नागलीची भाकरी आणि बांबूच्या कोंबाचं लोणचं. तिथे मी पहिल्यांदा माणसासारखी पळाले.

गोंधळ तिथेही झालाच. वाट कळावी म्हणून आयोजकांनी झाडांना रंगीत फिती बांधल्या होत्या. संक्रांतीचे दिवस, पाड्यावरच्या पोरांनी त्या सोडून पतंगांना शेपट्या लावल्या. आम्ही चुकलो. सेठजी मोबाइल उंच धरून रेंज शोधत एका बांधावर बसले आणि हेलिकॉप्टर मागवता येईल का असं विचारू लागले. वर आकाशात आमची वाट उडत होती. मी पोटभर हसले, आणि हसता हसता रडले. रिपोर्ट दोन दिवसांवर होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

उधन्याच्या विहीणबाई

रिपोर्ट आणायला आम्ही दोघी गेलो, घरी पुन्हा सेवेचंच सांगून. कॅन्सरच होता. पसरलेला नव्हता, लगेच ऑपरेशन केलं तर बरी होईल असं डॉक्टर म्हणाली. वैशाखापर्यंत थांबलं तर, असं अक्काने विचारलं. डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, तर मला विचारायला येऊ नका.

घरी येतो तर उधन्याच्या होणाऱ्या विहीणबाई आलेल्या, कुंकवाची तारीख ठरवायला. भाऊजी नवा शर्ट घालून बसले होते. कविता आत चहा करत होती. अक्का अजून नारिंगी टी-शर्टातच. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी तिची अलाबला घेतली. "सिंधूबाईंनी सांगितलं हो मला. केवढं पुण्याचं काम करता! आमच्या नात्यात एकीला तो रोग झाला होता, तर तिच्या घरचं कुणी पाणी पीत नव्हतं. तुम्ही तर हातांनी केळं देता!"

कविता चहा घेऊन आली. अक्काने तिच्या हातातला ट्रे घेतला, कप सगळ्यांच्या हाती दिले आणि ट्रे टीपॉयवर ठेवला. मला वाटलं आता ही हसेल, लाजेल, तारीख ठरेल आणि सगळं वैशाखावर जाईल.

"सेवा नही करस मी," ती म्हणाली. "माले झायेल शे कॅन्सर. ऑपरेशन शे."

तो शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. भाऊजींच्या हातातल्या बशीतला चहा नव्या शर्टावर सांडला. विहीणबाईंनी हातात घेतलेला कप न पिताच खाली ठेवला. "घरी बोलून कळवते," म्हणाल्या आणि चपला घालायला लागल्या.

त्या गेल्यावर भाऊजी अक्काला एवढंच विचारत राहिले, "माले काबर नही सांगं?" मला का नाही सांगितलंस, दहा वेळा तेच. चिडून विचारलं, मग रडत विचारलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन रजा टाकून आले. तीन दिवसांनी उधन्याहून फोन आला. गुरुजींनी पत्रिका पुन्हा बघितली, म्हणे, गुण जुळत नाहीत. महिन्याभरापूर्वी सगळे जुळत होते. आकाशातले ग्रहही बिचारे उधन्याच्या लोकांच्या सोयीने फिरतात!

कविता म्हणाली, "मावशी, मला तर त्याचं हसणंही आवडत नव्हतं." मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. तिला तो मुलगा आवडला होता, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. अक्का दाराबाहेर उभी राहून तिला हाक मारत होती. मला उधन्याला जाऊन त्या बाईची खरडपट्टी काढावीशी वाटत होती, पण भाऊजींनी अडवलं.

कविता बाहेर आली, डोळे पुसले, आणि हातात न्हाणीघरातला अक्काचा ओला टी-शर्ट होता. "मम्मी, याना वास यी राहिना. बाहेर टाक ना." अक्काने तिच्याकडे बघितलं. मग टी-शर्ट सुलटा केला, झटकला आणि घरापुढच्या तारेवर घातला, अक्षरं गल्लीकडे करून.

ऑपरेशनची तारीख नेमकी शर्यतीच्याच दिवशी आली. हार्दिकभाईंना कळवलं तर म्हणाले, "अरे बेन, इतनी ट्रेनिंग वेस्ट!" मी फोन ठेवला. त्या दिवशी हॉस्पिटलातली लिफ्ट बंद होती, आणि रक्त, औषधं, रिपोर्ट यांसाठी मी किती जिने चढले-उतरले ते मोजलं नाही. शर्यतीला जमलेल्या देणग्यांतून वरचा मजला बांधून होईल, एवढं मात्र कबूल करते. ऑपरेशन नीट झालं. अक्का घरी गेली, तेव्हा मी नाशिकला परतले. पुढे कुरिअरने माझं मेडल आलं, शर्यत पूर्ण केल्याबद्दल. मी शर्यतीला गेलेच नव्हते हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

परवा अक्काचा फोन आला. केमोने केस गळायला लागलेत, तोंडाला चव नाही, भाऊजी भाकरी जाड थापतात, अशा तक्रारी झाल्या. मग म्हणाली, दुपारी सिंधूबाई आल्या होत्या. एरवी गल्लीतूनच बोलणारी बाई, आत आली, मागे दार लावलं आणि बराच वेळ पदराशी चाळा करत बसली. म्हणाली, "शोभाबाई, तो टी-शर्ट एक दिवसपुरता दे ना व बाई."

"मग दिलास?" मी विचारलं.

"नही दिधा. म्हनलं, टी-शर्ट कसाले पाहिजे? तशीच चाल. मी येस तुन्हासंगे."